पायऱ्यांची यादी

आमच्या हिचं बाजाराला जाणं बंद झालं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सहानुभूती दाखवायला नको. मी कुणाचं वाईट करायला गेलो नव्हतो. उलट मुलुंडच्या स्टेशन रोडचं भलं करायला गेलो होतो, तेही रविवारची झोप मोडून, फुकट.

सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली होती. स्टेशनपासून मासळी बाजारापर्यंतचा रस्ता नव्याने करायचा आहे, तो कसा असावा हे रहिवाशांनीच सांगायचं, तरी सर्वांनी शाळेच्या हॉलमध्ये यावं. आयुष्यभर कुणी आपल्याला काही विचारलं नाही आणि आता विचारतायत, म्हणून हॉल भरला. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. नकाशा म्हटला की माझे हात शिवशिवतात. मी पहिल्या रांगेत.

शाळेतली चार बाकं जोडून त्यांवर तो भला मोठा नकाशा पसरला होता. काम एका आर्किटेक्ट मुलीकडे होतं. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, पण आवाज असा की दोनशे माणसं गप्प बसावीत. ती म्हणाली, "आधी पाच मिनिटं नकाशा नुसता बघा." पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. कारण प्रत्येक जण आधी आपलं घर शोधत होता. स्टेशन कुठे, बाजार कुठे, याचं कुणाला काही नाही. "ही आमची बिल्डिंग, ही आमची गॅलरी, अरे पाण्याची टाकी दाखवली नाही." मी त्या लोकांना मनातल्या मनात हसलो आणि मग मीही आमचं घर शोधलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. पार्किंग, रिक्षा, फेरीवाले, उंदीर. पण सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: फुटपाथवर चालता येत नाही, कारण प्रत्येक दुकानाने आपली पायरी बाहेर काढली आहे. कुणाची एक, कुणाची दोन, कुणी तर सरळ ओटाच बांधलेला. आर्किटेक्ट मुलीने विचारलं, या पायऱ्यांची मापं कुणी घेईल का? माझा हात माझ्याआधी वर गेला. माझ्याबरोबर आमच्या तळमजल्यावरचा माझा दोस्त आला, बँकेतून निवृत्त, मूळचा अकोल्याकडचा. तो म्हणाला, "तुला टेप धरायला कुणीतरी लागेल ना यार, नाहीतर त्या टोकाला धरायला बायकोला नेशील." तिला नेलं असतं तर बरं झालं असतं, हे आता म्हणून काय उपयोग.

आम्ही चार दिवस मापं घेतली. मी घरी जुन्या सवयीने तक्ता आखला होता. दुकानाचं नाव, पायऱ्या किती, उंची, लांबी, फुटपाथवर किती बाहेर. पाच रकाने, शिसपेन्सिलीने, पट्टी लावून. दुकानदार वैतागले होते, साहजिक आहे. कुणी चहा पाजून माप दोन इंच कमी लिहायला सांगत होतं, कुणी सरळ शिव्या घालत होतं. मॅचिंग सेंटरवाल्याने मात्र, ब्लाउजपिसांचा गठ्ठा सोडता सोडता विचारलं, "काकी बऱ्या आहेत ना?" मला जरा नवल वाटलं. मी त्या दुकानात जन्मात गेलो नव्हतो, मी कुणाचा नवरा हे याला काय ठाऊक? पण मुंबईच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं सगळं खानदान ठाऊक असतं, असं म्हणून मी पुढे गेलो.

पिठाच्या गिरणीवाल्याची पायरी सर्वांत रुंद. अंगावर पीठ, भुवयांवर पीठ, आणि स्वभाव शांत. तो म्हणाला, "काका, माप घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण या पायरीवर कोण कोण बसतं, तेपण लिहा."

मी म्हटलं, "त्याला रकाना नाही."

तो हसला आणि परत आत जाऊन चक्कीत गहू ओतायला लागला. मी लिहिलं: एक पायरी, उंची सोळा इंच, बाहेर अडीच फूट.

दुसऱ्या बैठकीत माझा तक्ता मोठा करून भिंतीवर लावला. टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्या कामाला टाळी दिली नव्हती. प्रत्येकाला लाल आणि हिरव्या टिकल्यांची पट्टी दिली होती. जे हवं त्यावर हिरवी, जे काढायचं त्यावर लाल. मी माझ्या सगळ्या लाल टिकल्या पायऱ्यांवर लावल्या. एक मेडिकलवर, एक मॅचिंगवर, एक गिरणीवर, उरलेल्या इकडेतिकडे. संध्याकाळपर्यंत नकाशावरचा तो फुटपाथ गोवर आल्यासारखा दिसत होता.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"सगळ्याच पायऱ्या काढणार?" तिने विचारलं.

"सगळ्याच. अगं, सहा फूट मोकळा फुटपाथ मिळणार. कधी मिळाला होता?"

"बरं," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. तिचं 'बरं' किती तऱ्हेचं असतं हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

तिचा बाजार म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. ती मालवणकडची. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी, आणि ती स्वतः जाऊन, कल्ले उघडून, बोट दाबून आणलेली. संध्याकाळी पाच वाजता पिशवी घेऊन निघायची, सातच्या आत परत. गुडघे दुखायचे, ते वरचेवर चोळताना मी बघायचो. मी म्हणायचो, "कशाला तंगडतोड करतेस, मोबाइलवरून मागवू." एकदा मागवलीही. साफ करून, बर्फात घालून, डब्यात बंद होऊन आली. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि रागावली की येते ती तिची गावची बोली आली, "ह्यो बांगडो आसा की साबण?" त्यानंतर तो विषय मी काढला नाही. तरी अधूनमधून "आता पुरे, घरात बस" हे माझं पालुपद चालूच होतं. मी हे काळजीपोटी म्हणत होतो. पण ऐकणाऱ्याला काळजी आणि हुकूम यांत फरक वाटत नसेल, तर तो फरक कुणाच्या कामाचा?

उन्हाळ्याच्या तोंडावर मेडिकल ते गिरणी एवढ्या पहिल्या टप्प्याचं काम झालं. पायऱ्या फोडल्या, फरशी बसवली, रस्त्याच्या कडेने कठडा लावला. काम झकास झालं होतं, आजही म्हणतो. व्हीलचेअर जाते, बाळाची गाडी जाते, शाळेची पोरं रस्त्यावर उतरत नाहीत. मी रोज सकाळी नुसता बघायला जायचो. दोस्त म्हणायचा, "अरे, तुझं नाव लिहायला सांगू का कठड्यावर?"

आणि घरी ही म्हणू लागली, आज कंटाळा आलाय. मग, आज पाय भरून आलेत. मग एक दिवस पिशवी आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी मनात म्हटलं, चला, शेवटी ऐकलं. वय झालं की माणूस ऐकतो. मला बरंसुद्धा वाटलं, आणि ते लिहिताना आता लाज वाटते.

मासळीवाल्या मावशीने मला पहिल्याच दिवशी ओळखलं. "बाई कुठंय तुझी?" मी म्हटलं, दमते हल्ली. तिने मला बांगडे दिले, मी ते घेतले. घरी हिने एक उचलला, पोट दाबलं, बोट आत गेलं. तिरफळं जरा जास्त टाकून आमटी केली. मी वाट बघत होतो की ती चिडेल, तुमका काय मेल्यांनी कुजके घातले म्हणेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पाच महिने आम्ही मऊ पडलेले मासे खाल्ले आणि ती एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी पाच वाजता ती गॅलरीत उभी राहायची आणि सात वाजता आत यायची.

गणपती झाल्यावर एकदा दळण आणायची पाळी माझ्यावर आली. डबा घेऊन गिरणीत गेलो. नंबर होता, थांबावं लागणार होतं. मी बसायला म्हणून वळलो आणि बसायला काही नव्हतं. गुळगुळीत फरशी. मी उभा राहिलो. पाय अवघडले तसा या पायावरून त्या पायावर झालो. गिरणीवाल्याने ते पाहिलं आणि आतून एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं.

"बसा. काकींचं आहे."

"काकींचं म्हणजे?"

"काकींसाठी ठेवलं होतं. पायरी गेली ना. पण बाहेर फुटपाथवर ठेवू देत नाहीत, आणि आत पीठ उडतं, त्यांना खोकला येतो." मग चक्की चालू असल्याने तो ओरडून बोलत राहिला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. काकी तीन ठिकाणी बसायच्या. आधी मेडिकलच्या पायरीवर, मग मॅचिंगवाल्याकडे, मग इथे. इथे दहा मिनिटं, पाणी प्यायच्या, मग मासळी. येताना परत तसंच, उलट्या क्रमाने. किती वर्षं? तीनचार तरी. फुटपाथ झाल्यावर एकदा आल्या होत्या. मॅचिंगपर्यंत आल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या, मग मॅचिंगवाल्यानेच रिक्षा थांबवून दिली.

मी त्याच्यावरच भडकलो. "अहो, मग हे मला आधी सांगायचं ना."

तो गरीब माणूस. त्याने डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, सांगितलं होतं. लिहा म्हटलं होतं."

मी दळण घेतलं आणि घरी आलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? दोन दिवस मी हिला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलं, "तू बसत बसत जायचीस हे मला का नाही सांगितलंस?"

तिने कप खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी चहावरची साय चमच्याने बाजूला केली.

"जाऊ नकोस म्हणाला असता," ती म्हणाली. "मग पायऱ्या होत्या तेव्हाच माझं जाणं बंद झालं असतं."

हे तिने भांडून म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, उद्या पाच वाजता तयार राहा.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचं ते लाल स्टूल मी मागून आणलं आणि तिच्या मागोमाग चाललो. जिथे ती थांबेल तिथे स्टूल मांडायचं, खडूने खूण करायची, टेप लावायची. मेडिकलपर्यंत ती न बसता आली, तिथे बसली. मॅचिंगला बसली. गिरणीपर्यंत येताना धापा टाकत होती, पण आली, आणि मासळी बाजारातही गेली. मावशीने तिच्याशी आधी दहा मिनिटं भांडून घेतलं, इतके दिवस आली नाही म्हणून. मग दोघी कोळंबीच्या ढिगावर वाकल्या आणि मला विसरल्या. त्या रात्रीची आमटी मी अजून विसरलो नाही.

असे तीन आठवडे गेलो. मग तिनेच बंद केलं. म्हणाली, "पुढे मी, मागे स्टूल घेऊन तुम्ही. वरात दिसते. लोक हसतात." लोक हसत नव्हते, पण तिला तसं वाटत होतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

तोवर मी परत त्या सगळ्या दुकानांत जाऊन आलो होतो. या वेळी तक्त्यात सहावा रकाना आखला: कोण बसायचं. मेडिकलच्या पायरीवर औषधाची वाट बघणारे. मॅचिंगच्या पायरीवर स्कूलबसला आलेल्या आया. चपलेच्या दुकानासमोर एक आजोबा, त्यांना घरात सून बोलते म्हणून. गिरणीसमोर आमची ही. प्रत्येक दुकानदाराला सगळं तोंडपाठ होतं. मी फक्त विचारलं नव्हतं.

पहिल्या टप्प्यात काय चुकलं हे बघायला दिवाळीनंतर बैठक होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, बसायच्या जागा हव्यात, तीन, आणि कुठे ते मी मोजलं आहे. पहिला विरोध माझ्या दोस्ताचा. "अरे, बाकडी टाकलीस की टपोरी येऊन बसणार. संध्याकाळी बायामाणसांना जाता येणार नाही. तूच तर सहा फूट मोकळा पाहिजे म्हणत होतास." खरं होतं, मीच म्हणत होतो. कुणी म्हणालं, बाकडं आलं की त्यावर नगरसेवकाचं नाव येणार. कुणी म्हणालं, ज्यांना चालवत नाही त्यांनी रिक्षा करावी. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मी गप्प बसलो, कारण वर्षापूर्वी मी हेच बोललो असतो.

मग मी सांगितलं की हे माझ्या बायकोसाठी आहे. आकडे सांगितले: घर ते मेडिकल किती फूट, तिथून मॅचिंग, तिथून गिरणी. म्हटलं, पायऱ्यांवर पहिली लाल टिकली मी लावली होती, मापं मी घेतली होती, आणि त्या पायऱ्यांवर बसत बसत ती बाजाराला जाते हे मला ठाऊक नव्हतं. दोस्त खाली बघत म्हणाला, "वहिनींचं मला आधी सांगायचंस ना रे." आणि हिरव्या टिकल्यांची आख्खी पट्टी त्याने त्या तीन जागांवर चिकटवली.

बैठक संपल्यावर आर्किटेक्ट मुलीने माझा नवा तक्ता वाचला. "काका, हे पहिल्याच वेळी का नाही दिलंत?"

"रकाना नव्हता."

"तक्ता तर तुम्हीच आखला होता," ती म्हणाली. ती टोचून बोलली नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता.

मंजुरी झाली. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग कंत्राटदार बदलला, मग पाइप टाकायला तीच फरशी परत उखडली. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत मी वॉर्ड ऑफिसच्या इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला चहा विचारू लागला. यंदाच्या होळीनंतर कट्टे झाले. तीन. सोळा इंच उंच, जुन्या पायऱ्यांइतकेच, हे मी बजावून सांगितलं होतं. एकावरही कुणाचं नाव नाही.

पहिल्या संध्याकाळी ही नवी साडी नेसून निघाली. मेडिकलच्या कट्ट्यावर बसली. तिथून मॅचिंगपर्यंत यायला तिला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. बसली, पदराने तोंड पुसलं. मॅचिंगवाला बाहेर येऊन "काकी, कशा आहात" म्हणाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाव तास झाला. मी म्हटलं, निघायचं? तिने गिरणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुढचं तुम्ही जा. मी बसते इथे."

घरात बसलेल्या त्या महिन्यांत तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. डॉक्टरने वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. मी मापं घेतली ती तिच्या तेव्हाच्या पायांची.

आता आमचा बाजार असा चालतो. ती मॅचिंगसमोरच्या कट्ट्यावर बसते. मी मासळीपर्यंत जातो, मावशीकडून बांगडे घेतो, परत येऊन तिला दाखवतो. ती पिशवी उघडते, तिथेच कल्ले वर करून बघते, आणि बहुतेक वेळा म्हणते, "परत देवन येवा. तुमका काय कळता?" मी परत जातो. मावशी मासे बदलून देते, कारण निरोप कुणाचा आहे हे तिला ठाऊक असतं. देताना दर वेळी म्हणते, "तिला म्हणावं, जरा इथवर ये की, तोंड तरी दिसू दे."

मी येऊन हे सांगतो. ही म्हणते, "सांगा तिका, येतंय म्हणान. पुढच्या रविवारी."

ते मी मावशीला सांगतो. मावशी "बरं" म्हणते. दुसऱ्या कट्ट्यापासून तिच्या पाटीपर्यंत किती फूट आहेत ते मला पाठ आहे, पण दोघींपैकी कुणीही मला ते विचारत नाही आणि मीही सांगत नाही.